पावसाळ्यात ऐरोलीहून किनाऱ्याने: आई-बाबा आणि लहान मुलीसह पाच दिवस, कुठवर जावं?

ऐरोलीकर

नमस्कार मंडळी. नारळी पौर्णिमा ते गणपती यांच्या मधे कधीतरी पाच दिवस, चार मुक्काम असा बेत आहे. आम्ही दोघं, आई-बाबा (दोघंही सत्तरीपुढचे, आईचे गुडघे कुरकुरतात) आणि पाच वर्षांची मुलगी. सात आसनी सीएनजी गाडी. पोहायचं नाही, किल्ले चढायचे नाहीत. पाऊस बघायचा, देवळं, बाजार, खाणं आणि दुपारची झोप. रोज दोन-तीन तासांपेक्षा जास्त गाडीत बसवायचं नाही.

अलिबाग, मुरूड, दिवेआगर, दापोली, गुहागर करत गणपतीपुळ्यापर्यंत किनाऱ्यानेच जावं असं डोक्यात आहे. जंगलजेट्ट्या (गाड्या खाडीपार नेणाऱ्या बोटी) पावसात चालू असतात का? बंद असली तर फेरा किती पडतो? गाडीचं काय काय करून घ्यावं? मुक्काम ठरवताना काय विचारावं? तारखा अजून पक्क्या नाहीत, म्हणून आत्ताच विचारतोय.

खाडीपलीकडे

गणपतीपुळे काढून टाका. किनाऱ्याने तिथवर चार वेळा गाडी बोटीत चढवावी लागते: आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेशवी, दाभोळ–धोपावे आणि तवसाळ–जयगड. वाऱ्यापावसात त्यातली एक जरी थांबली तरी तो दिवस गेला, आणि परतीला महामार्गाने एका दमात सात-आठ तास बसावं लागेल. 'रोज दोन-तीन तास' या अटीत ते बसत नाही.

या बेतात एकच खाडी बोटीने ओलांडा, आगरदांडा–दिघी. दोन मुक्काम मुरूड-नांदगाव पट्ट्यात, दोन दिवेआगर किंवा श्रीवर्धनला, आणि परत म्हसळा–माणगाववरून. रोज बॅगा भरणं-उपसणं हे वयस्क माणसांना आणि लहान मुलांना प्रवासापेक्षा जास्त थकवतं. ओले कपडे असले तर बोलायलाच नको.

पहिला दिवस: सकाळी साडेसहाला ऐरोली सोडा. ठाणे–बेलापूर रस्ता, कळंबोली, पळस्पे, पेण, वडखळ, मग पोयनाड आणि कार्लेखिंड करून अलिबाग. साधारण शंभर किलोमीटर, तीन तास धरा. अलिबागला कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जातात, ते पावसाळ्यात विसरा. किनाऱ्यावरून बघा आणि चौलला या. तिथलं रामेश्वर मंदिर रस्त्यालगत, सपाटीवर आहे, समोर पुष्करणी, आईंना काही त्रास नाही. चौलचं दत्त मंदिर मात्र डोंगरावर, शेकडो पायऱ्या, तेव्हा ते नको. पुढे रेवदंड्याला कुंडलिकेच्या खाडीवरचा पूल ओलांडला की साळाव. डावीकडे बिर्ला गणपती, तिथेही पायऱ्या आहेतच. कोर्लईचा किल्ला खालून बघा.

कोर्लई ते मुरूड हा तुकडा सगळ्यात देखणा आणि सगळ्यात बेभरवशाचा. फणसाडच्या रानाच्या कडेने रस्ता जातो, झाडं पडतात, साकव जुने आहेत. २०२१च्या जुलैत काशीदजवळचा एक जुना पूल मुसळधार पावसात कोसळला होता. अंधार पडल्यावर हा रस्ता धरू नका. काशीदला थांबलात तरी मुलीला पाण्याच्या रेषेपासून लांब ठेवा. तिथला उतार आणि ओढ दोन्ही फसवी आहेत, माणसं बुडतात ती बहुतेक घोट्याइतक्या पाण्यातून सुरुवात करून.

दुसरा दिवस काही करू नका. नांदगावचा सिद्धिविनायक, मुरूडचा बाजार, खोकरीचे घुमट, राजपुरीच्या धक्क्यावरून जंजिरा. जंजिऱ्याच्या होड्या पावसाळ्यात बंद असतात, कोणी 'सोडतो' म्हणालं तरी बसू नका.

तिसऱ्या दिवशी बोट, दिघी, दिवेआगर. चौथ्या दिवशी दिवेआगर–शेखाडी–आरावी–श्रीवर्धन हा किनाऱ्याचा रस्ता. अंतर वीस किलोमीटरच्या आसपास, पण दोन तास धरा, कारण गाडी सारखी थांबवावीशी वाटेल. थांबवताना वळणावर किंवा दरडीखाली नको. जून २०२०च्या निसर्ग वादळात या पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, त्यामुळे जुन्या फोटोंतली गर्द सावली सगळीकडे दिसणार नाही. हरिहरेश्वरला दर्शन घ्या, पण देवळामागच्या कातळावरची प्रदक्षिणा या दिवसांत करायचीच नाही. समुद्र शांत दिसत असतानाही एखादी लाट थेट वाटेवर येते आणि शेवाळावर पाय ठरत नाही. ओहोटी आहे म्हणून चालेल, असंही नाही.

नाखवा

वरचा बेत चांगला आहे. तारखांचं सांगतो, कारण बोट मिळेल की नाही हे बरंचसं तिथीवर ठरतं.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. उधाणात भरती खूप वर चढते आणि ओहोटी खूप खाली जाते. ओहोटीच्या तळाला धक्क्याचा उतार उघडा पडतो, त्याच्या खालच्या भागावर शेवाळ असतं, बोटीची फळी तिरकी लागते, आणि लांब गाडीचा पुढचा किंवा मागचा बंपर घासतो. भरतीच्या माथ्याला जोराचा वारा असेल तर बोट धक्क्याला नीट टेकत नाही. भांगात हे दोन्ही त्रास कमी.

वेळ काढायची जुनी रीत: तिथीची पाऊणपट करा. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, तर तीनच्या सुमाराला पूर्ण भरती आणि नऊच्या सुमाराला पूर्ण ओहोटी, दिवसा आणि रात्रीही. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी बाराला. शुक्ल असो वा कृष्ण पक्ष, हिशेब तोच. हा अंदाज आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, आणि मुंबईपेक्षा दक्षिणेला भरती थोडी आधी लागते. नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघा.

म्हणून तुमच्यासाठी सोयीचे दिवस गोकुळाष्टमीच्या मागचे-पुढचे. नारळी पौर्णिमेचं उधाण ओसरलेलं असतं, गणपतीची गर्दी सुरू व्हायला अजून अवकाश असतो. मात्र दहीहंडीच्या दिवशी ठाण्या-ऐरोलीतून निघायचा विचार नको, निम्मे रस्ते बंद असतात. आदल्या दिवशी सुटा. अधिक महिना आला की हे सगळं सप्टेंबरात सरकतं, तेव्हा कालनिर्णय बघूनच सुट्टी टाका. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात महामार्गावर चाकरमान्यांचा लोंढा असतो, त्यात सापडू नका.

बोटीत चढताना: आदल्या संध्याकाळी फोन करा आणि सकाळी मुक्कामाच्या मालकालाही विचारा, त्यांना धक्क्यावरची खबर आधी लागते. पहिली फेरी धरू नका, नऊ-दहाची धरा. पहिली रद्द झाली तर ते घरबसल्या कळतं. धक्क्यावर चालक सोडून सगळ्यांनी उतरून चालत बोटीत जावं. आईंचा हात एकाने, मुलीचा दुसऱ्याने धरायचा. गाडी पहिल्या गिअरमध्ये, न थांबता, संथ. उतारावर मधेच थांबून पुन्हा एक्सलरेटर दाबला की पुढची चाकं शेवाळावर गरगरतात. काही वेळा रिव्हर्समध्ये चढवायला सांगतात; खलाशाच्या हाताकडे बघा, आरशात नाही, आणि मागून ओरडणाऱ्या प्रवाशांकडे तर मुळीच नाही. आत गेल्यावर हँडब्रेक, गिअर टाकलेला, इंजिन बंद. पैसे सुटे आणि रोख ठेवा, रेंज नसली की फोनवरचं पेमेंट अडकतं.

बोट बंदच असेल तर आगरदांड्याहून तळा, इंदापूर, माणगाव, मोर्बा, म्हसळा करत दिवेआगर. अर्धा दिवस जातो. हा रस्ता आधीच मनात धरून ठेवा म्हणजे धक्क्यावर वाद होत नाहीत.

ऐरोलीकर

दोघांचेही आभार. गणपतीपुळे सोडलं, बाबा जरा नाराज आहेत. पाऊस किती असला तर निघायचंच नाही, हे कसं ठरवायचं? आणि सीएनजीचं काय?

गॅरेजगप्पा

हवामान खात्याचा जिल्हावार इशारा बघा. ठाण्याचा नाही, रायगडचा. चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिमी म्हणजे जोरदार, ११५.६ ते २०४.४ अति जोरदार, त्याच्यावर अत्यंत जोरदार. पिवळा असेल तर निघा, वेळ हातात ठेवा. नारंगी असेल तर आहात तिथेच राहा, मुक्काम एका दिवसाने वाढवा. लाल असेल तर ऐरोलीतून पाय काढू नका. रायगडात मोठ्या पावसात अंबा, कुंडलिका, सावित्री तिन्ही एकदम चढतात आणि नागोठणे, रोहा, महाड एकाच दिवशी अडतात. म्हणून आरक्षण करतानाच विचारा: इशाऱ्यामुळे तारीख बदलली तर आगाऊ रक्कम पुढे धरणार का? किनाऱ्यावरची घरगुती मंडळी बहुतेक ऐकून घेतात, पण आधी बोललेलं बरं.

सीएनजी पनवेल-पेणलाच पूर्ण भरा आणि पेट्रोलची टाकीही भरा. किनाऱ्यावर सीएनजीच्या भरवशावर राहू नका. दोन-तीन महिने नुसत्या सीएनजीवर चाललेल्या गाडीत पेट्रोलचे इंजेक्टर कुरकुर करतात, म्हणून निघण्याआधीच्या आठवड्यात रोज थोडं अंतर पेट्रोलवर चालवून बघा.

टायर: नक्षीची खोली कायद्याने किमान १.६ मिमी, पण पावसाला ते पुरत नाही. ३ मिमीच्या खाली असेल तर आत्ताच बदला. नक्षीच्या खाचांमध्ये छोटे उंचवटे असतात, झीज तिथपर्यंत आली की टायर संपला. पावसात पकड वाढते म्हणून हवा कमी करा असा सल्ला कोणी देईल. उलट आहे, कमी हवेचा टायर पाणी नीट बाहेर फेकत नाही आणि गाडी पाण्यावर तरंगायला लागते. दाराच्या चौकटीवर भरल्या गाडीसाठी जो आकडा लिहिलाय तोच ठेवा. स्टेपनीची हवाही तपासा. ती कोणी तपासत नाही.

वायपरची रबरं नवी घाला, मागचंही. काच आधी शाम्पूच्या पाण्याने धुवा. मेणाचं पॉलिश काचेवर गेलं असेल तर नवं रबरही कचकचतं. काचेवर आतून वाफ धरली तर एसी चालू, बाहेरची हवा आत येऊ द्या, तापमान थोडं वाढवा, झोत काचेवर. पाच माणसांचा श्वास आणि ओल्या छत्र्या असताना आतलीच हवा फिरवत ठेवली तर पाच मिनिटांत काही दिसत नाही. वाफ बाहेरून धरत असेल तर मात्र एसी जास्त थंड आहे; गारवा कमी करा आणि वायपर एकदा फिरवा. चालत्या गाडीत चारही इंडिकेटर लावू नका. मागच्याला तुम्ही वळणार की थांबलात ते कळत नाही. दिवे साधे, खालच्या झोताचे.

रस्त्यावर पाणी असेल तर: वाहतं पाणी कितीही कमी दिसलं तरी गाडी घालायची नाही. साचलेलं पाणी चाकाच्या अर्ध्यापेक्षा वर असेल तर थांबा. खाली असेल तर पहिला गिअर, एकसारखा वेग, समोरची गाडी बाहेर पडल्यावरच आपण आत. पाण्यात गाडी बंद पडली तर किल्ली पुन्हा फिरवायची नाही. इंजिनात पाणी गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि काही हजारांचं काम लाखावर जातं. ढकलत बाहेर काढा, मग मेकॅनिक. पाण्यातून निघाल्यावर दोन-तीन वेळा हलका ब्रेक दाबून ब्रेक सुकवा.

वाळूत गाडी उतरवायची नाही. तसा विचार तुमच्या डोक्यात नसेल, पण दिवेआगरला लोक उतरवतात, ओल्या वाळूत रुततात, आणि भरती ट्रॅक्टरची वाट बघत नाही. घरी आल्यावर गाडी खालून गोड्या पाण्याने धुवा, खाडीचं पाणी लागलेलं असतं.

फोनमध्ये: ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, राष्ट्रीय महामार्गावर अडकलात तर १०३३. नकाशा आधीच उतरवून ठेवा.

नेरूळची_सुगरण

आता खोली आणि जेवण. हे पुरुषमंडळी शेवटी विचारतात आणि मग पहिल्या रात्री कुटुंब नाराज.

फोनवर मालकांना विचारायचे प्रश्न: तळमजल्याची खोली आहे का, आणि खोलीपर्यंत जायची वाट फरसबंदी आहे की ओल्या चिऱ्यांची? चिऱ्यांवर शेवाळ धरतं, आईंसाठी तेच सगळ्यात धोक्याचं. संडास कमोडचा आहे का? इन्व्हर्टरवर पंखा आणि दिवा किती तास चालतो? या दिवसांत वाऱ्याने फांदी पडली की वीज तासन्तास जाते. गिझर विजेवर आहे की बंब पेटवून देतात? बंब असेल तर आनंदाने घ्या. गाडी उभी करायची जागा माडाखाली नाही ना? नारळ किंवा झावळी टपावर पडली तर पत्रा बसतो.

जेवण आदल्या रात्री सांगून ठेवायचं, किती माणसं आणि काय ते. मासेमारी १ जूनपासून निदान जुलैअखेर बंद असते, नारळी पौर्णिमेनंतर बोटी नीट निघायला लागतात. त्यामुळे तुम्ही जाल तेव्हा ताजा मासा मिळू शकतो, पण रोज, हवा तो आणि स्वस्त असं धरू नका. 'ताजी सुरमई आहे' असं दोनशे किलोमीटरवरून फोनवर ठामपणे कोणी सांगितलं तर ती बर्फातली समजा. त्यापेक्षा खेकडे, खाडीची मासळी, सोड्याची खिचडी, सुकटीचं कालवण मागा. आणि श्रावण असेल तर बऱ्याच घरी शाकाहारीच. तेव्हा अळूचं फदफदं, भारंगी, टाकळा, कुर्डू, फणसाच्या आठळ्यांची आमटी. दिवेआगरला उकडीचे मोदक सांगितल्यावर करून देतात, पण सकाळी सांगून दुपारी. ऐनवेळी नाही. मुलीसाठी घावने किंवा मऊ भात बहुतेक ठिकाणी मिळतो.

परत येताना श्रीवर्धनहून सुपारी घ्या. तिथली रोठा सुपारी नावाजलेली आहे. कोकम आणि सुकट घेतलंत तर सुकट दोन पिशव्यांत बांधून डब्यात. नाहीतर पेणपर्यंत बाबा काचा खाली करा म्हणतील, आणि बाहेर पाऊस.

कपडे वाळत नाहीत हे गृहीत धरा. जीन्स नको, पातळ सिंथेटिक पँट. दहा मीटर दोरी आणि चिमटे. पंख्याखाली दोरी बांधली की सकाळपर्यंत निम्मं काम होतं. बुटांत रात्री वर्तमानपत्राचे बोळे कोंबा. प्रत्येकाला मागून पट्टा असलेले फ्लोटर. चपला चिखलात अडकतात आणि मुलं पडतात. सकाळी पायात घालण्याआधी प्रत्येक बूट उलटा करून आपटायचा. कोकणात फुरसं हा लहानसा विषारी साप सर्रास आढळतो, पालापाचोळ्यात दिसत नाही. रात्री अंगणात टॉर्चशिवाय जायचं नाही.

पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात, शेताच्या बांधावर उतरू नका, लेप्टोचा (अशा पाण्यातून होणाऱ्या तापाचा) धोका असतो. आल्यावर दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना प्रवासाचं आणि पाण्याचं आवर्जून सांगा. वाळूवर निळसर फुगा दिसला तर मुलीला हात लावू देऊ नका. त्याला लांब धागे असतात, मेलेला असला तरी डंख मारतो. आई-बाबांची औषधं दोन दिवसांची जास्त घ्या, आणि अर्धी एका बॅगेत, अर्धी दुसऱ्या.

हर्णैचा_वारा

सगळं मान्य, पण एकच खाडी? श्रीवर्धनपेक्षा बागमांडल्याहून वेशवी करून केळशी-आंजर्ले गाठा. केळशीचं महालक्ष्मी मंदिर, आणि आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीला गाडी थेट वर जाते, आईंना एकही चढ नाही. दिवेआगर शनिवारी माणसांनी भरलेलं असतं, केळशीत पावसाळ्यात शुकशुकाट.

खाडीपलीकडे

केळशी सुंदर आहे यात वाद नाही. पण वेशवीची बोट थांबली की सावित्री ओलांडायला आंबेतचा पूल, आणि तो आजवर दुरुस्तीसाठी बराच काळ बंद राहिलेला आहे. तोही नसला तर महाडवरून वळसा. परतीला दापोली–मंडणगडवरून महामार्गाला लागून ऐरोली गाठायची तर सलग सहा-सात तास. सहा दिवस असते तर मीही तेच सांगितलं असतं. गर्दीची अडचण असेल तर रविवार-सोमवार-मंगळवार असं दिवेआगर धरा, शनिवार मुरूडकडे घालवा.

नाखवा

+१. आणि शनिवारी काशीद नको, नांदगावच बरं.

ऐरोलीकर

ठरलं. शुक्रवारी सकाळी निघायचं, मंगळवारी परत, बोट रविवारी. अष्टमी त्याच आठवड्यात बसते का ते पंचांगात बघून बुकिंग करतो. परतीचं शेवटचं: माणगावची कोंडी टाळायला ताम्हिणीवरून एक्सप्रेस वेला लागावं का?

खाडीपलीकडे

नको. पुण्याचा फेरा पडतो आणि पावसात ताम्हिणीला दरडी असतात. मंगळवारी श्रीवर्धनहून सकाळी सातला निघा. म्हसळा, मोर्बा, माणगाव दीड-पावणेदोन तास. माणगाव आणि इंदापूर या दोन्ही बाजारपेठा साडेनऊच्या आत पार करा, नंतर तिथे गाड्या इंच इंच सरकतात. कोलाडला चहा. पुढे वडखळ-पेण तुंबल्याचं नकाशात दिसलं तर वाकण फाट्याला उजवीकडे वळून पाली, खोपोली, तिथून पनवेल. वाटेत बल्लाळेश्वराचं दर्शन होतं, बाबांची गणपतीपुळ्याची नाराजीही जरा कमी होईल. मात्र आदल्या रात्री सह्याद्रीच्या माथ्यावर जोरदार पाऊस झाला असेल तर पालीचा रस्ता धरू नका. अंबा नदी तिथे झपाट्याने चढते, जांभूळपाड्याचा १९८९चा पूर याच नदीचा. तेव्हा वाकणला थांबून स्थानिक रिक्षावाल्याला विचारा, 'पालीच्या पुलावर पाणी आहे का?' आणि तो म्हणेल तसं करा.